संपादकीय : रुग्णाच्या खाटेपाशी गुरू कोण?



स्मरणिकेचा यंदाचा अंक आपल्या हाती देताना मंडळास मनःपूर्वक आनंद होत आहे. दरवर्षी या पानावर समाजाच्या एखाद्या व्यापक प्रश्नाचा ऊहापोह करण्याची आपली प्रथा आहे. यंदा निवडलेला विषय प्रथमदर्शनी काहीसा व्यावसायिक वाटेल. इस्पितळात प्रत्यक्ष काम करता करता डॉक्टर, परिचारिका आणि इतर आरोग्यसेवक जे शिक्षण घेतात, ते त्यांना कोणी द्यावे, त्यांच्या कामावर देखरेख कोणी व कशी करावी, हा तो विषय होय.

हा विषय निवडण्याचे कारण आपल्या घराघरांतच आहे. या देशात प्रारंभी आलेल्या आपल्या पिढीत अभियंते अधिक होते, डॉक्टर थोडे होते. आज त्यांची मुले-मुली वैद्यकीय महाविद्यालयांत, नर्सिंगच्या, औषधनिर्माणशास्त्राच्या आणि फिजिओथेरपीच्या अभ्यासक्रमांत शिकत आहेत. दरवर्षी मार्च महिन्यात ‘मॅच’चा निकाल लागतो आणि जुलै उजाडताच नवे रेसिडेंट डॉक्टर वॉर्डात पाऊल ठेवतात. त्यांत आपलेही कोणी असते. दुसरीकडे, आपल्यातील काही ज्येष्ठ मंडळी आता अटेंडिंग डॉक्टर, विभागप्रमुख किंवा नवशिक्या परिचारिकांना कामात तयार करणाऱ्या प्रिसेप्टर झाल्या आहेत. म्हणजे हाताखाली शिकणारेही आपल्यात आहेत आणि हाताखाली शिकवणारेही आपल्यात आहेत. ज्यांच्या आजोबांना शाळेच्या व्हरांड्यात बसविले गेले, त्यांच्या नातवंडांच्या हाती आज गुरूची खुर्ची आली आहे. ती खुर्ची आपण कशी सांभाळणार, हा प्रश्न केवळ व्यवसायाचा नाही.

पुस्तकी विद्या आणि रुग्णशय्येपाशी मिळणारी विद्या यांत एक मूलभूत भेद आहे. पुस्तक ग्रंथालयात मिळते. घरी अन्नधान्याची चणचण असली तरी दिव्याखाली बसून ते वाचता येते. बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात जे मिळविले, ते त्यांच्या अपार परिश्रमाने मिळविले. तेथे त्यांना अडविणारा कोणी नव्हता. परंतु पोटावर हात ठेवून यकृत कसे चाचपावे, सुरी कोठे थांबवावी, अडलेल्या बाळंतिणीला कसे सोडवावे हे शिकण्यासाठी वर उभ्या असलेल्या कोणीतरी बाजूला सरकून ‘आता तू कर’ असे म्हणावे लागते. ते त्याने म्हटलेच नाही, तर पदवीचा कागद हाती येतो, पण हात रिकामे राहतात. म्हणूनच महाविद्यालयाचे दार उघडले तरी वॉर्डाचे दार बंद ठेवता येते. या व्यवसायाचा इतिहास असल्या बंद दारांनी भरलेला आहे.

मराठी वाचकास आनंदीबाई जोशी यांचे नाव नवे नाही. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी न होता त्यांचे निधन झाले. मात्र त्या शिकल्या ते महाविद्यालय केवळ स्त्रियांसाठी का होते, हे आपण क्वचितच विचारतो. १८६९ साली याच महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये रुग्णांवरील प्रात्यक्षिक व्याख्यानास गेल्या, तेव्हा तेथील पुरुष विद्यार्थ्यांनी आरडाओरडा आणि टवाळी करून त्यांचा अपमान केला. इतर इस्पितळे स्त्रियांना शिकू देत नाहीत म्हणून १८६१ मध्येच फिलाडेल्फियात स्त्रियांसाठी स्वतंत्र इस्पितळ उभारावे लागले होते. आनंदीबाईंच्या पदवीमागे त्या भगिनींचा हा झगडा उभा आहे.

कृष्णवर्णीय बांधवांची कथा याहून कठोर आहे. शिकागोमध्ये एमा रेनॉल्ड्स या तरुणीस केवळ वर्णामुळे परिचारिका-विद्यालयांनी प्रवेश नाकारला. तिच्या भावाने डॉ. डॅनियल हेल विल्यम्स यांच्याकडे धाव घेतली. एका मुलीसाठी रदबदली करण्याऐवजी विल्यम्स यांनी निर्णय घेतला की आपले इस्पितळ आणि आपले प्रशिक्षण विद्यालय आपणच काढावयाचे. १८९१ मध्ये प्रॉव्हिडंट हॉस्पिटल सुरू झाले आणि तेथे गोरे व काळे डॉक्टर एकत्र काम करू लागले. दोनच वर्षांनी, १८९३ मध्ये, याच इस्पितळात विल्यम्स यांनी छातीत सुरा खुपसलेल्या एका रुग्णावर हृदयावरणाची शस्त्रक्रिया केली व तो वाचला. पुढे १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांचा वैद्यकीय शिक्षणावरील गाजलेला अहवाल प्रसिद्ध झाला. त्याने शिक्षणाचा दर्जा निश्चितच उंचावला. पण त्या वेळी कृष्णवर्णीयांची जी सात वैद्यकीय महाविद्यालये होती, त्यांतील हॉवर्ड आणि मेहारी ही दोनच टिकविण्याजोगी ठरविली. उरलेली पाच कालांतराने बंद पडली. दक्षिणेतील इस्पितळांची दारे काळ्या डॉक्टरांना खुली होण्यासाठी १९६३ चा सिमकिन्स खटल्याचा निकाल, १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६६ मध्ये सुरू झालेली मेडिकेअर योजना यावी लागली. भेदभाव पाळाल तर मेडिकेअरचा पैसा मिळणार नाही, असे सरकारने बजावले, तेव्हा कोठे वॉर्ड एक झाले. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर या देशात आलेले भारतीय डॉक्टर त्या उघडलेल्या दारातूनच आत आले, हे ऋण आपण विसरता कामा नये.

आता मायदेशाकडे वळू. आरक्षणामुळे आपल्या मुलांना वैद्यकीय महाविद्यालयाचे दार उघडले. वॉर्डाचे दार मात्र वरिष्ठाच्या मर्जीवर राहिले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी करण्यासाठी प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने २००७ मध्ये दिलेल्या अहवालात अध्यापन, परीक्षा व वसतिगृह या सर्वच ठिकाणच्या भेदभावाची नोंद केली. आणि २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर इस्पितळाच्या वसतिगृहात डॉ. पायल तडवी या आदिवासी कन्येने आपले जीवन संपविले. ती अवघी २६ वर्षांची होती व स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात होती. वरिष्ठ सहकाऱ्यांनी तिचा जातीवरून छळ केला, शिकण्याच्या संधी नाकारल्या, अशी तिच्या कुटुंबीयांची तक्रार आहे. आरोपांचा निवाडा न्यायालयाचा, तो आमचा नाही. परंतु एक गोष्ट न्यायालयात न जाताही सांगता येते : वैद्यकीय शिक्षणात कनिष्ठाचे भवितव्य वरिष्ठाच्या हाती इतके एकवटलेले असते की छळ करावयास फारसे काही करावे लागत नाही. ‘तुला जमणार नाही, तू कागद भर’ एवढे रोज म्हटले तरी पुरते.

येथे प्रस्तुत संपादकाने स्वतःचा एक अनुभव सांगणे अप्रस्तुत ठरणार नाही. महाराष्ट्रातील एका सरकारी महाविद्यालयात शिकत असताना आमचे एक प्राध्यापक राउंडच्या वेळी काही विद्यार्थ्यांना नावाने प्रश्न विचारीत आणि काहींकडे पाहून नुसतेच पुढे जात. मी त्या दुसऱ्या रांगेतला. न विचारलेल्या प्रश्नांचा अपमान चुकलेल्या उत्तरापेक्षा मोठा असतो, हे मी तेथे शिकलो. त्याचबरोबर आणखी एक वाईट गोष्ट शिकलो : आपल्याला काही येत नाही हे कोणाला कळू द्यावयाचे नाही.

ती सवय घेऊन मी या देशात आलो. इंटर्न असतानाची एक रात्र आठवते. मधुमेहाने बेशुद्धीच्या काठावर आलेला एक रुग्ण दाखल झाला. मी घाईने इन्सुलिन सुरू करण्याचा आदेश लिहिला. रक्तातील पोटॅशियमचा अहवाल यावयाचा होता. वरिष्ठास दूरध्वनी करावा असे मनात आले. पण ‘एवढेही येत नाही का’ हे शब्द मला न उच्चारताच ऐकू येत होते. म्हणून केला नाही. रात्रपाळीच्या कृष्णवर्णीय परिचारिकेने इन्सुलिनची बाटली हातात धरून ठेवली, लावली नाही. ती म्हणाली, “डॉक्टर, अहवाल आल्याशिवाय मी हे लावणार नाही. तुम्ही फोन करता की मी करू?” अहवाल आला. पोटॅशियम धोक्याच्या पातळीखाली होते. इन्सुलिनने ते आणखी उतरले असते आणि रुग्णाचे हृदय थांबले असते. मी दूरध्वनी केला. वरिष्ठ आले, त्यांनी खाटेपाशी उभे राहून पोटॅशियम आधी का द्यावयाचे ते मला समजावून सांगितले आणि जाताना म्हणाले, “फोन केलास हे बरे केलेस.” फोन कोणामुळे झाला हे मला ठाऊक होते. माझ्या आयुष्यातील वैद्यकाचा सर्वांत मोठा धडा मला अशा व्यक्तीने दिला, जिच्याकडे मला शिकविण्याचा कोणताही अधिकार कागदोपत्री नव्हता.

पण कथा येथे संपत नाही. पुढे कित्येक वर्षांनी मी स्वतः अटेंडिंग झालो. एका पहाटे एका तरुण इंटर्नवर सर्वांदेखत मी असा काही ओरडलो की तो खाली मान घालून उभा राहिला. त्या खाली घातलेल्या मानेत मला माझीच मान दिसली. ज्या प्राध्यापकांचा मी आयुष्यभर राग केला, त्यांचीच गादी मी चालवीत होतो. ही कबुली येथे देतो ती अशासाठी की, सोसलेला अपमान आपोआप करुणा शिकवीत नाही. तो पुष्कळदा नुसता पुढे दिला जातो.

‘आम्ही कडक शिस्तीतच घडलो’ हा ज्येष्ठांचा नेहमीचा युक्तिवाद. शिस्तीस विरोध कोणाचाच नाही. परंतु कामाविषयी कडक असणे आणि माणसाविषयी कडक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. भीतीने चूक थांबत नाही, ती लपते. आणि लपलेली चूक रुग्णाच्या जिवावर उठते. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९९ च्या अहवालात अंदाज दिला होता की या देशातील इस्पितळांत दरवर्षी ४४,००० ते ९८,००० रुग्ण टाळता येण्याजोग्या चुकांमुळे मृत्युमुखी पडतात. आपल्या स्थलांतरित मुलांच्या बाबतीत तर हे भय दुहेरी असते. रेसिडेंटचा करार वर्षावर्षाने वाढवावा लागतो, आणि ज्याचा व्हिसाही त्या प्रशिक्षणावर अवलंबून आहे, तो ‘मला समजले नाही’ हे तीन शब्द उच्चारण्यापूर्वी दहा वेळा विचार करतो.

छळ हा एक दोष, तर गैरहजेरी हा दुसरा. १९८४ च्या मार्चमध्ये लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी न्यू यॉर्क हॉस्पिटलमध्ये दाखल झाली आणि काही तासांतच मरण पावली. तिची जबाबदारी रात्री एक इंटर्न आणि एक दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट यांच्यावर होती. ज्येष्ठ डॉक्टर दूरध्वनीवर होते. ती घेत असलेल्या औषधाशी न जुळणारे दुसरे औषध तिला दिले गेले. तिच्या वडिलांनी हे प्रकरण धसास लावले. डॉ. बर्ट्रंड बेल यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या शिफारशींवरून न्यू यॉर्क राज्याने १९८९ मध्ये नियम केले : आठवड्यात ८० तासांहून अधिक काम नको, सलग २४ तासांहून अधिक नको, आणि ज्येष्ठ डॉक्टरांची देखरेख अहोरात्र हवी. २००३ मध्ये ८० तासांची मर्यादा देशभर लागू झाली. लोकांच्या लक्षात राहिले ते तास. बेल स्वतः मात्र सांगत राहिले की देखरेख ही तासांहून महत्त्वाची आहे. आणि ते खरेच आहे. झोपून उठलेला पण एकटा टाकलेला इंटर्न हाही धोकाच.

मग उत्तम देखरेख म्हणजे काय? १९९२ साली अमेरिकेतील काही कुटुंबवैद्यकाच्या अध्यापकांनी, दवाखान्यात वेळ अपुरा असतो हे जाणून, शिकविण्याची पाच पायऱ्यांची एक सुटसुटीत रीत मांडली. आधी शिकणाऱ्यास त्याचे स्वतःचे निदान सांगावयास लावावे. ते कशावरून केले, हे विचारावे. मग त्या रुग्णापासून लागू पडणारा एक सर्वसाधारण नियम शिकवावा. जे बरोबर केले ते नेमके शब्दांत सांगावे. आणि जे चुकले ते सुधारून द्यावे. यात ओरडण्यास जागा नाही, तशी खोट्या स्तुतीसही नाही. ‘छान केलेस’ याने काही शिकता येत नाही. ‘पायांची सूज पाहताना तू मानेची शीरही पाहिलीस, ते योग्य केलेस’ याने शिकता येते.

या रीतीचे मूळ शोधू गेल्यास आपणास फार दूर जावे लागत नाही. विनयपिटकाच्या महावग्गात उपाध्याय आणि शिष्य यांची परस्पर कर्तव्ये विस्ताराने सांगितली आहेत. शिकविणारा नसल्यामुळे नवे भिक्खू चुकू लागले, म्हणून भगवंतांनी उपाध्यायाची व्यवस्था केली. उपाध्यायाने शिष्यास पुत्रवत मानावे, शिष्याने उपाध्यायास पित्याप्रमाणे. उपाध्याय आजारी पडल्यास शिष्याने सेवा करावी. आणि शिष्य आजारी पडल्यास उपाध्यायानेही तशीच करावी. पुढे अननुभवी भिक्खूच उपाध्याय होऊ लागले, तेव्हा किमान दहा वर्षांचा अनुभव व योग्यता यांची अट घातली गेली. शिष्याने किती काळ देखरेखीखाली राहावे हेही ठरले : समर्थ असेल तर पाच वर्षे, असमर्थ असेल तर आयुष्यभर. आणि सर्वांत लक्षणीय नियम असा की, उपाध्याय बोलताना मध्येच तोडू नये, पण तो दोष घडण्याच्या काठावर बोलत असेल तर शिष्याने त्यास थांबवावे. त्या रात्री बाटली हाती धरून उभ्या असलेल्या परिचारिकेने नेमके हेच केले होते. त्या संघात ज्येष्ठता होती; पण ती अनुभवाची होती, जन्माची नव्हती. न्हावी असलेल्या उपालीस आपल्या आधी दीक्षा द्यावी, म्हणजे आपणास त्याला वंदन करावे लागेल व आपला अभिमान गळेल, अशी विनंती शाक्य कुमारांनी स्वतःच केली होती.

यावरून आपल्या कर्तव्याचा विचार करू.

जे ज्येष्ठ आहेत त्यांनी प्रथम स्वतःकडे पाहावे. हाताखालचा डॉक्टर रात्री दोन वाजता दूरध्वनी करतो तेव्हा आपल्या आवाजाचा पहिला शब्द कोणता असतो? त्या शब्दावरून तो पुढच्या वेळी दूरध्वनी करील की नाही हे ठरते. त्याचबरोबर उलट बाजूचा दोषही टाळावा. ‘आपला आहे’ म्हणून त्याच्या चुका पोटात घालणे हेही जातिवादाचेच दुसरे रूप होय. आपल्या मुलास सौम्य शब्दांत, परंतु पूर्ण सत्य सांगणे हीच खरी माया. आणि हाताखाली येणारा मुलगा कोणत्याही जातीचा, वर्णाचा वा देशाचा असो, त्यास आपल्याकडून तोच प्रश्न, तीच संधी मिळाली पाहिजे. कोणी भारतीय वरिष्ठ आपल्या मुलांना आडनाव विचारून अंतर राखीत असेल, तर त्याविरुद्ध अवश्य आवाज उठवावा. सिएटल शहराने २०२३ मध्ये जातीय भेदभावास कायद्याने बंदी घातली, ती अशाच आवाजांमुळे. परंतु तो आवाज उठविणाऱ्याचे स्वतःचे वर्तन निर्मळ असावे लागते.

जे शिकत आहेत त्यांना एवढेच सांगणे की, न कळणे हा अपराध नाही. न कळलेले लपविणे हा आहे. विचारा, आणि परिचारिकेचे म्हणणे ऐका. पालकांना विनंती की, परीक्षेचे गुण विचारण्यापूर्वी मुलीला विचारावे, ‘झोप झाली का? तुला शिकवतो कोण? त्याच्याशी मोकळेपणी बोलता येते का?’ घरात जिला हे विचारणारे कोणी आहे, ती वॉर्डात एकटी पडणार नाही.

आणि मंडळाने एक काम अंगावर घ्यावे, असे आम्ही सुचवितो. आपल्यातील आरोग्यक्षेत्रातील ज्येष्ठांची एक यादी करावी आणि नव्याने प्रशिक्षणास लागणाऱ्या प्रत्येकास त्यातील एक व्यक्ती नेमून द्यावी, जिला कोणत्याही वेळी दूरध्वनी करण्याची मुभा असेल. ती व्यक्ती त्याच इस्पितळातील नसावी, म्हणजे मनातले बोलता येईल. सुटीत मायदेशी जाणाऱ्यांनी लग्नसमारंभांतून दोन दिवस काढून एखाद्या तालुक्याच्या इस्पितळात किंवा परिचारिका-विद्यालयात शिकवावे. देणगीपेक्षा हे दान कमी नाही.

डॉ. विल्यम्स यांनी एका मुलीसाठी अख्खे इस्पितळ उभारले. आपल्याला तेवढे करावयाचे नाही. आपल्याला फक्त खाटेपाशी बाजूला सरकून, शेजारी उभे राहून, ‘आता तू कर, मी येथेच आहे’ एवढे म्हणावयाचे आहे. आपल्यातील अनेकांना हे वाक्य कधी ऐकावयास मिळाले नाही. आपल्यानंतर येणाऱ्यांना ते ऐकावयास मिळावे, हीच या अंकानिमित्त सदिच्छा.

जयभीम! नमो बुद्धाय!

— संपादक